अस्तित्ववाद समजून घेण्याची वाट : नव्या वाचकासाठी पायरीपायरीने

अस्तित्ववादाकडे पहिल्यांदा वळणारा वाचक बहुधा नावांच्या यादीपासून सुरुवात करतो. किर्केगार्द, नीत्शे, हायडेगर, सार्त्र अशा क्रमाने तो चालू लागतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या नावापाशीच दमतो. मी स्वतः विसाव्या वर्षी सार्त्रचा एक जाड ग्रंथ ग्रंथालयातून आणला, चाळीसेक पाने वाचली, त्यातले एकही वाक्य आपल्याला स्वतःच्या शब्दांत सांगता येत नाही हे लक्षात आल्यावर तो परत केला, आणि हे तत्त्वज्ञान आपल्यासाठी नाही अशी पुढची काही वर्षे समजूत करून घेतली. चुकला होता तो क्रम. अस्तित्ववाद हा निर्णय घ्यावा लागणाऱ्या माणसाच्या जागी उभे राहून केलेला विचार आहे; त्यामुळे त्यात शिरायचे तर एखाद्या खऱ्याखुऱ्या निर्णयातूनच शिरावे लागते. खालचा क्रम या खात्रीवर बेतला आहे. सोबत एक वही ठेवावी आणि घाई करू नये.

पहिली पायरी : एका तरुणाचा पेच

२९ ऑक्टोबर १९४५ रोजी फ्रेंच तत्त्वज्ञ ज्याँ-पॉल सार्त्रने पॅरिसमध्ये एक जाहीर व्याख्यान दिले. जर्मन फौजांच्या ताब्यातून शहर सुटून जेमतेम सव्वा वर्ष झाले होते. अस्तित्ववाद हा शब्द तेव्हा सर्वतोमुखी झाला होता, पण तो बहुतेक शिवी म्हणूनच वापरला जात होता. हे तत्त्वज्ञान माणसाला हातपाय गाळायला शिकवते असे कम्युनिस्ट म्हणत, आणि ते माणसाची फक्त घाण दाखवते असे कॅथलिक म्हणत. या आक्षेपांना दिलेले उत्तर १९४६ मध्ये ‘अस्तित्ववाद हा मानवतावाद आहे’ या अर्थाच्या नावाने पुस्तकरूपात आले. ते दोन बैठकांत वाचून होते, आणि सुरुवात तिथूनच करावी. त्यात काही गोष्टी फार सोप्या केल्या आहेत हे खरे, पण प्रवेशासाठी त्याहून चांगले पुस्तक मला माहीत नाही.

त्या व्याख्यानात सार्त्र आपल्या एका विद्यार्थ्याची हकिगत सांगतो. युद्धकाळात हा तरुण त्याच्याकडे सल्ला मागायला आला होता. वडिलांचे आईशी पटत नव्हते आणि त्यांचा कल जर्मनांशी हातमिळवणी करण्याकडे होता. थोरला भाऊ १९४० च्या जर्मन आक्रमणात मारला गेला होता. त्या मृत्यूचा सूड घ्यावा असे धाकट्याला वाटत होते. आई त्याच्यासोबत एकटी राहत होती आणि तिच्या जगण्याला आता त्याच्याशिवाय दुसरा आधार उरला नव्हता. त्याच्यापुढे दोन वाटा होत्या : इंग्लंडला जाऊन जर्मनांशी लढणाऱ्या स्वतंत्र फ्रेंच सैन्यात दाखल व्हायचे, किंवा आईजवळ राहायचे.

इथे थांबून दोन्ही वाटा जवळून पाहाव्यात, कारण सार्त्रचे कौशल्य त्या तपशिलात आहे. आईसाठी केलेली प्रत्येक गोष्ट हमखास पोचणार होती; तो घरी असला की ती जगणार होती. युद्धावर जाण्याचे फळ मात्र अनिश्चित होते. वाटेत स्पेनमधल्या एखाद्या छावणीत तो अडकून पडला असता, किंवा इंग्लंडला पोचूनही कार्यालयात बसून कागद भरण्याचे काम त्याच्या वाट्याला आले असते. एका बाजूला एका माणसाचे ठोस भले होते, दुसऱ्या बाजूला सगळ्या देशाचे, पण धूसर.

आता कोणता नियम हा पेच सोडवेल? शेजाऱ्यावर प्रेम करा असे ख्रिस्ती धर्म सांगतो. पण अधिक जवळचा शेजारी कोण, आई की लढणारा सहकारी? माणसाला केवळ साधन म्हणून वागवू नका असे जर्मन तत्त्वज्ञ कांट सांगतो. पण आईजवळ राहिले तर लढणारे साधन ठरतात, आणि लढायला गेले तर आई. मन सांगेल ते करावे म्हटले, तर आईवरचे आपले प्रेम तिच्याजवळ राहण्याइतके बळकट आहे हे कळणार कसे? ते राहिल्यावरच कळते, आधी नाही. कोणाला विचारावे म्हटले, तरी कोणाला विचारायचे हे आपणच ठरवतो, आणि एका विशिष्ट धर्मगुरूकडे जाणाऱ्याला तो काय सांगणार हे बहुधा आधीच ठाऊक असते. सार्त्रचे उत्तर एवढेच होते : तू स्वतंत्र आहेस, तेव्हा निवड कर.

पहिल्या वाचनात हे उत्तर कोरडे वाटते. मलाही तसेच वाटले होते. म्हणून वहीत पाच ओळींत त्या तरुणाला आपला सल्ला लिहावा. मग प्रत्येक ओळीखाली हा सल्ला आपण कशाच्या आधारे देत आहोत ते लिहावे. आधार म्हणून जे तत्त्व सापडेल, ते त्या तरुणाच्या बाबतीत आपणच निवडलेले आहे, हे थोड्याच वेळात दिसू लागेल. सार्त्रला दाखवायचे होते ते नेमके हेच.

मराठी वाचकाला या ठिकाणी कुरुक्षेत्रावरचा अर्जुन आठवतो, आणि ती तुलना टाळण्याचे कारण नाही. फक्त फरक नीट पाहावा. अर्जुनाला सल्ला देणारा स्वतः भगवंत आहे आणि क्षत्रियाचा स्वधर्म आधीच ठरलेला आहे; प्रश्न तो ओळखण्याचा आणि आसक्ती सोडून पाळण्याचा आहे. सार्त्रच्या विद्यार्थ्यापुढे ओळखण्याजोगे असे काही आधी ठरलेलेच नाही. ‘अस्तित्ववाद म्हणजे आपला कर्मयोगच’ असे म्हणून पुढे गेले, की पुढच्या पायरीवरचा सगळा विचार हातून निसटतो.

दुसरी पायरी : एक वाक्य, आणि त्यातला एक शब्द

त्याच व्याख्यानात सार्त्र कागद कापायच्या सुरीचे उदाहरण देतो. ती सुरी बनवणाऱ्याच्या डोक्यात आधी तिची कल्पना असते : ती कशासाठी आहे, कशी असावी, कशी घडवावी. वस्तू नंतर येते. ईश्वराने माणूस घडवला असे मानणाऱ्यांना माणूसही असाच वाटतो, त्याचा हेतू आधी आणि जन्म नंतर. सार्त्रचे म्हणणे असे, की अठराव्या शतकातल्या निरीश्वरवाद्यांनी ईश्वर काढून टाकला, पण ‘मानवी स्वभाव’ नावाचा साचा तसाच ठेवला. तो स्वतः हा साचाही काढून टाकतो. माणूस आधी असतो, जगात सापडतो, आणि मग आपल्या कृत्यांतून अमुक एक कोणीतरी होतो. ‘अस्तित्व साराच्या आधी येते’ या वाक्याचा अर्थ इतकाच आहे.

मराठीत या ‘सार’साठी ‘सत्त्व’ हाही शब्द वापरला जातो. मी तो टाळण्याचा सल्ला देतो. आपल्या कानाला सत्त्व म्हटले की सत्त्वगुण आणि सत्त्वपरीक्षा ऐकू येते, म्हणजे आत काहीतरी चांगले आधीपासून आहे आणि ते टिकवायचे आहे असा भास होतो. सार्त्रला नेमका हाच भास नको आहे. ‘सार’ हा शब्द त्या मानाने निर्लेप आहे.

या वाक्याचा दुरुपयोगही लवकर होतो. मला वाटेल तो मी होईन, असे हे वाक्य सांगत नाही. माणूस म्हणजे त्याने केलेल्या गोष्टींची बेरीज, असे ते सांगते. ‘मी लिहिले असते तर मोठा लेखक झालो असतो’ या समाधानाला इथे थारा नाही. भेकड माणूस भेकड हृदय घेऊन जन्माला येत नाही. तो भेकड कृत्यांनी भेकड होतो, आणि म्हणूनच पुढच्या कृत्याने तो तसा न राहण्याची शक्यता शिल्लक असते. या तत्त्वज्ञानातली आशा मला तरी याच जागी सापडली.

तिसरी पायरी : भीती आणि व्याकूळता

अस्तित्ववादी लेखनात वारंवार येणाऱ्या एका मनोवस्थेला मराठीत कधी ‘चिंता’, कधी ‘व्याकूळता’ म्हटलेले आढळते. चिंता म्हटले की आपल्याला भाडे, परीक्षा, मुलीचे लग्न आठवते. म्हणून ‘व्याकूळता’ बरा. सार्त्र त्यासाठी दरीकाठच्या अरुंद वाटेचे उदाहरण देतो. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पालथे पडून ज्यांनी खाली पाहिले आहे, त्यांना हा अनुभव वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. दगड सुटेल, पाय घसरेल, ही भीती. तिचे कारण बाहेर आहे. पण त्याच क्षणी आणखी एक गोष्ट जाणवते : आपण स्वतःच पुढे सरकलो तर आपल्याला अडवणारे आपल्याशिवाय कोणी नाही. ही व्याकूळता, आणि तिचे कारण आपले स्वातंत्र्य. डेन्मार्कच्या किर्केगार्दने तिला शंभर वर्षे आधी, १८४४ मध्ये, स्वातंत्र्याची भोवळ म्हटले होते.

एक गोष्ट इथे निक्षून सांगतो. व्याकूळता हा तत्त्वज्ञानातला शब्द आहे, आजाराचे नाव नव्हे. आठवडेच्या आठवडे मन उदास राहत असेल, झोप उडाली असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर पुस्तक बाजूला ठेवून जवळच्या माणसाशी आणि डॉक्टरांशी बोलावे. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावरही बोलता येते. त्या अवस्थेत माणसाला आधी सोबत हवी असते.

चौथी पायरी : आत्मवंचना, आणि मराठी क्रियापदे

माझ्या मते संपूर्ण अस्तित्ववादातली सर्वांत उपयोगी कल्पना ही आहे. १९४३ च्या ‘सत् आणि शून्यता’ या ग्रंथात सार्त्र उपाहारगृहातल्या एका वेटरचे वर्णन करतो. त्याची हालचाल चपळ, पण जरा जास्तच चपळ आहे. तो गिऱ्हाइकाकडे जरा जास्तच उत्सुकतेने वाकतो. तबक तो दोरीवर चालणाऱ्या डोंबाऱ्यासारखा तोल सांभाळत आणतो. तो काय करतो आहे? तो वेटर असण्याचा खेळ खेळतो आहे, जणू दगड जसा दगड असतो तसा तो वेटर आहे. वास्तविक उद्या सकाळी उठून कामावर जायचे की नाही हे दररोज त्याच्या हातात आहे, आणि ते हातात असणे त्याला विसरायचे आहे. स्वतःला वस्तू मानून स्वातंत्र्य लपवणे म्हणजे आत्मवंचना. खोटे बोलणारा दुसऱ्याला फसवतो. इथे फसवणारा आणि फसणारा एकच असतो.

हे समजायला मला मराठी व्याकरणाने जितकी मदत केली तितकी कोणत्याही टीकाग्रंथाने केली नाही. आपल्या भाषेत कर्त्याला बाजूला करण्याच्या किती सोयी आहेत ते पाहा. ‘मला जावे लागले.’ ‘फोन करायचा राहून गेला.’ ‘त्या दिवशी जमलेच नाही.’ ‘बोलण्याच्या ओघात तोंडून निघून गेले.’ ‘लग्न ठरले.’ या सगळ्या वाक्यांत घटना घडते, पण ती करणारा ‘मी’ कुठेही उभा नसतो. एक आठवडाभर रोज रात्री वहीत दिवसातली अशी तीन वाक्ये, जशी तोंडून निघाली तशीच, लिहावीत. समोर तेच वाक्य ‘मी’ कर्ता करून लिहावे : ‘मी गेलो.’ ‘मी फोन केला नाही.’ ‘मी लग्नाला हो म्हटले.’ माझ्या वहीतले एक वाक्य होते, ‘आजारी मामांना भेटायचे राहून गेले.’ समोर मी लिहिले, ‘मी चार रविवार मामांना भेटायला गेलो नाही.’ त्यानंतर पेन खाली ठेवून बराच वेळ मी तसाच बसलो होतो. पुढच्या रविवारी त्यांच्याकडे गेलो.

पण सगळीच ‘लागले’ची वाक्ये खोटी नसतात, आणि हा अभ्यास स्वतःला झोडपण्यासाठी नाही. काही वाक्ये उलटवून पाहिली तर नवे वाक्यच खोटे निघते. ‘गिरणी बंद झाल्यावर गावी परतावे लागले’ हे म्हणणाऱ्याने गिरणी बंद केलेली नसते. जन्म, वर्ग, शरीर, भूतकाळ या आपण न निवडलेल्या गोष्टी सार्त्रही नाकारत नाही. त्यांना आपण वस्तुस्थिती म्हणू. आत्मवंचना दोन्ही दिशांनी होते : मी म्हणजे केवळ माझी वस्तुस्थिती असे म्हणणाराही स्वतःला फसवतो, आणि माझ्यावर वस्तुस्थितीचे काही बंधनच नाही असे म्हणणाराही. वहीत म्हणूनच तिसरा रकाना आखावा आणि प्रत्येक प्रसंगात खरोखर हातात नव्हते ते काय, हे तिथे लिहावे.

पाचवी पायरी : सिमोन द बोव्हार

तो तिसरा रकाना ज्यांना महत्त्वाचा वाटला, त्यांनी आता बोव्हारकडे जावे. तिला सार्त्रची सहचरी म्हणून शेवटच्या परिच्छेदात उरकण्याची जुनी खोड अजून गेलेली नाही, आणि त्यामुळे नवे वाचक फार महत्त्वाच्या गोष्टीला मुकतात. १९४७ च्या नीतिविषयक ग्रंथात तिने विचारले : माणूस स्वतंत्र आहे हे मान्य, पण ज्याच्यापुढच्या सगळ्या वाटा दुसऱ्यांनी बंद केल्या आहेत त्याच्या स्वातंत्र्याचे काय? तिचे उत्तर असे, की माझे स्वातंत्र्य खरे व्हायचे तर इतरांचेही स्वातंत्र्य मला हवे असले पाहिजे. दुसऱ्याला जखडून ठेवून मी स्वतः मोकळा होऊ शकत नाही. १९४९ मध्ये दोन खंडांत आलेल्या ‘द सेकंड सेक्स’मध्ये तिने हाच विचार स्त्रीच्या आयुष्याला लावला. बाई जन्मत नाही, ती घडते, हे तिचे वाक्य दुसऱ्या पायरीवरच्या सूत्राशेजारी ठेवून वाचावे. स्त्रीचे म्हणून ठरवलेले ‘सार’ आधीपासून नव्हते. बालपण, शिक्षण, लग्न, घरकाम यांतून ते तिच्यावर चढवले गेले. आपल्या घरातल्या कोणा आजीची ‘आमच्या वेळी विचारतच नसत’ अशी वाक्ये तिसऱ्या रकान्यात किती जागा घेतात हे पाहिले, म्हणजे बोव्हार कशाविषयी बोलते आहे ते कळते.

सहावी पायरी : आता मागे जावे

नावांची यादी आता उपयोगी पडते, कारण आपल्याकडे विचारायला प्रश्न आहेत. किर्केगार्द (१८१३–१८५५) श्रद्धावान ख्रिस्ती होता, हे आधी लक्षात घ्यावे. अस्तित्ववाद म्हणजे नास्तिकता ही समजूत तिथेच गळून पडते. १८४३ च्या त्याच्या एका ग्रंथात बायबलमधला अब्राहाम ईश्वराच्या आज्ञेवरून आपल्या मुलाचा बळी द्यायला निघतो, त्या प्रवासाचा विचार आहे. ईश्वराची आज्ञा ऐकली असे वाटणाऱ्यालाही ती ईश्वराचीच आहे हे स्वतःच ठरवावे लागते. जर्मन तत्त्वज्ञ नीत्शेचा ‘ईश्वर मेला आहे’ हा उद्गार १८८२ च्या पुस्तकातला, आणि तो तिथे एका वेड्याच्या तोंडी आहे. भर सकाळी कंदील घेऊन तो बाजारात ईश्वराला शोधत येतो. त्याला हसणारे लोक श्रद्धावान नाहीत. त्यांचाही ईश्वरावर विश्वास नाही, फक्त त्याचे परिणाम त्यांच्या लक्षात आलेले नाहीत. तो उतारा पूर्ण वाचावा, म्हणजे हे विजयाचे वाक्य नव्हे हे दिसेल. दोस्तोयेव्हस्कीची १८६४ ची तळघरातल्या माणसाची छोटी कादंबरी याच सुमारास वाचून घ्यावी.

जर्मन तत्त्वज्ञ हायडेगरचा १९२७ चा ग्रंथ पहिल्या वर्षात वाचू नये. तो अवघड आहे, आणि सार्त्रने त्याच्या विचाराचा लावलेला अर्थ खुद्द हायडेगरने १९४७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पत्रात नाकारला. १९३३ मध्ये तो नाझी पक्षात गेला होता, हेही वाचकाला आधी माहीत असले पाहिजे.

सातवी पायरी : कामू वेगळा ठेवावा

फ्रेंच लेखक अल्बेर कामूने १९४५ मध्येच आपण अस्तित्ववादी नाही असे स्पष्ट म्हटले होते, आणि १९५२ मध्ये त्याचे व सार्त्रचे संबंध कायमचे तुटले. तरी त्याला वगळू नये, कारण ‘परका’ अशा अर्थाच्या नावाची त्याची १९४२ ची कादंबरी एका संध्याकाळी वाचून होते. ती वाचताना खुनापेक्षा खटल्याकडे लक्ष द्यावे : आरोपी आईच्या अंत्यविधीत रडला नाही ही गोष्ट न्यायालयात खुनाइतकीच जड होते. माणूस अर्थ मागतो आणि जग गप्प राहते, या विसंगतीला कामू ॲब्सर्ड म्हणतो. ती विसंगती दोघांच्या भेटीत असते, एकट्या जगात किंवा एकट्या माणसात नसते. हे विसरले की कामू निराशावादी वाटू लागतो.

मराठीत भालचंद्र नेमाडे यांची १९६३ ची ‘कोसला’ ही कादंबरी अनेकदा या चर्चेत ओढली जाते. ती जरूर वाचावी, पण तिच्या नायकाला, पांडुरंग सांगवीकरला, अस्तित्ववादी हे लेबल चिकटवण्याआधी वही उघडून पाहावे, की तो कोणत्या गोष्टी ‘झाल्या’ म्हणतो आणि कोणत्या ‘केल्या’ म्हणतो.

आठवी पायरी : परत केलेला ग्रंथ

एवढे झाल्यावर सार्त्रचा तो जाड ग्रंथ, म्हणजे ‘सत् आणि शून्यता’, पुन्हा आणावा, मात्र पहिल्या पानापासून वाचू नये. पहिल्या भागातले दुसरे प्रकरण आत्मवंचनेवर आहे. ओळखीचा वेटर तिथेच भेटेल. नंतर तिसऱ्या भागातला दुसऱ्याच्या नजरेविषयीचा मजकूर वाचावा. मत्सरापोटी एक माणूस दाराच्या किल्लीच्या भोकाला डोळा लावून आत पाहतो आहे. तोवर तो स्वतःकडे पाहत नसतो; तो म्हणजे निव्वळ ते पाहणे असतो. एवढ्यात व्हरांड्यात पावले वाजतात, आणि एका क्षणात तो ‘चोरून पाहणारा माणूस’ होतो, कोणाच्या तरी नजरेतली एक वस्तू. लाज म्हणजे काय, हे सार्त्र या प्रसंगातून उलगडतो. हे चार-पाच पानांचे वर्णन दोनदा वाचावे आणि वहीच्या नव्या पानावर, पावले ऐकू आल्याचा स्वतःचा एक प्रसंग लिहावा.